प्रकट श्रद्धेचे मराठी वाङ्मय

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत बाबा पदमनजी ह्यांच्यासाठी एक ओळ राखून ठेवलेली असते. 'यमुनापर्यटन' (१८५७) ही मराठीतील पहिली सामाजिक कादंबरी आणि तिचे कर्ते बाबा पदमनजी, एवढे सांगून इतिहासकार पुढे जातो. नारायण वामन टिळकांसाठी 'फुलामुलांचे कवी' हे बिरुद ठरून गेले आहे. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'विषयी बोलताना निरागस शैली आणि निर्विष विनोद हे शब्द आपोआप लेखणीवर येतात. हे तिघेही ख्रिस्ती होते, ही गोष्ट अर्थातच कोणी लपवीत नाही. जन्मसाल आणि जन्मगाव ह्यांच्या शेजारी तिची नोंद होते आणि नंतर पुन्हा तिची गरज पडत नाही. वस्तुतः आपण टीकाकारांनी आणि शिक्षकांनी ह्या लेखकांपुढे न बोलता एक अट ठेवलेली आहे. तुमची श्रद्धा तुमच्यापाशी असू द्या, म्हणजे तुमचे वाङ्मय आमचे, अशी ती अट होय. गमतीची गोष्ट अशी की, हीच अट ह्या लेखकांना त्यांच्या हयातीत त्यांच्या आप्तस्वकीयांनी आणि मित्रांनीही घातली होती, आणि ती त्यांनी मान्य केली नव्हती. मनात काय वाटेल ते माना, वर्तन मात्र चार लोकांसारखे ठेवा, ही सोय त्यांच्यापुढे होती. ती नाकारण्याची जी किंमत त्यांनी मोजली, तिच्यातूनच त्यांचे उत्तम लेखन आले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते खरे असेल तर श्रद्धा बाजूला काढून ह्या ग्रंथांचे रसग्रहण करणे म्हणजे भिंत पाडून तिच्यावरील चित्र जपू पाहणे होय.

आम्हां बेळगाव-निपाणीकडच्या लोकांना ह्या विषयाचे अगत्य असण्यास आणखी एक कारण आहे. बाबा पदमनजी बेळगावचे. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, पाठोपाठ छावणी आली, आणि १८२० मध्ये लंडन मिशनचे जोसेफ टेलर येथे येऊन राहिले. मिशनच्या शाळा निघाल्या. १८३१ मध्ये एका कासार कुटुंबात जन्मलेला हा मुलगा त्या शाळेत शिकला, पुढे मुंबईस गेला, आणि तेथे मनाची पुष्कळ उलथापालथ होऊन १८५४ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला तो पुन्हा बेळगावातच. मुंबईसारख्या मोठ्या शहरात, जेथे माणूस गर्दीत नाहीसा होऊ शकतो, तेथे हा विधी उरकून घेणे सोपे झाले असते. ज्या गावात आपल्याला लहानपणापासून ओळखणारी माणसे आहेत, जेथे वडिलांचे नाव घेतल्यावर घर सापडते, अशा गावात येऊन तो घेणे ही निराळी गोष्ट होती. बाबांच्या चरित्राविषयी लिहिताना हा तपशील सहसा तारखेपुरता दिला जातो. मला तो त्यांच्या साऱ्या लेखनाची किल्ली वाटतो.

'अरुणोदय' हे त्यांचे आत्मचरित्र १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते, पण ते वाचणारे थोडे. घरातील देवधर्म, व्रते, नेम आणि पोथ्यांचे वाचन ह्यांची जी वर्णने त्याच्या पूर्वार्धात आहेत, ती त्या काळच्या कुटुंबजीवनाची माहिती म्हणून अनमोल आहेतच. पण त्यांत माहितीहून अधिक काही आहे. ज्या घराचा त्याग करावा लागला त्या घरातील देव्हारा हा माणूस तेहतीस-चौतीस वर्षांनंतर आठवीत आहे. त्याच्या आताच्या मताप्रमाणे तो देव्हारा अज्ञानाचा आहे, आणि तसे तो जागोजाग म्हणतोही. परंतु वर्णन करणारा हात मताप्रमाणे चालत नाही. तो मुलाचाच हात राहतो. मत आणि हात ह्यांच्यातील हा ताण हे 'अरुणोदया'चे मोठे वाङ्मयीन बळ आहे. जेथे जेथे बाबा वादात उतरतात तेथे तेथे ते नाहीसे होते आणि मिशनच्या पत्रिकेचे गद्य सुरू होते. हे दोष झाकण्यात अर्थ नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त मिशनऱ्यांच्या मराठीची जी थट्टा केली, ती सर्वस्वी अन्यायाची होती असे म्हणवत नाही. मात्र त्या थट्टेचा परिणाम असा झाला की, ख्रिस्ती लेखकाचे मराठी म्हणजे परके मराठी हा समज एकदा बसला तो बसलाच, आणि 'शब्दरत्नावली'सारखा शब्दसंग्रह मराठीला देणाऱ्या, मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप सिद्ध करणाऱ्या माणसालाही तो चिकटला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. 'अरुणोदया'तील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग परमहंस सभेविषयीचा आहे. १८४९ च्या सुमारास मुंबईत निघालेल्या ह्या सभेत दादोबा पांडुरंगांसारखे विद्वान होते, रामचंद्र बाळकृष्ण हे तिचे अध्यक्ष होते, आणि तरुण बाबाही तिचे सभासद होते. देव एक, जातिभेद खोटा, अशी सभेची मते होती. सभासद एकत्र प्रार्थना करीत, आणि जातिबंधन सोडल्याची खूण म्हणून जातीबाहेरच्या माणसाच्या हातचे एकत्र खात. हे सर्व गुप्तपणे चाले. बैठक संपली की प्रत्येक जण आपापल्या घरी जाई, आणि घरी गेल्यावर तो पूर्वी होता तोच असे. संख्या एक हजार झाली म्हणजे जाहीर व्हावयाचे, असा त्यांचा संकेत होता. ती संख्या कधी भरली नाही. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली, नावे फुटण्याचे भय पडले, आणि सभा विस्कटली.

ह्या सभेवर बाबांचा मुख्य आक्षेप तिच्या मतांवर नसून तिच्या गुप्ततेवर आहे. बंद दाराआड जात मोडणारा मनुष्य दार उघडताच ती पुन्हा अंगावर घेतो. तेव्हा त्याने काय मोडले, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न बोचरा आहे आणि विचारणारा त्याच पंगतीत बसलेला आहे, म्हणून त्याला वजनही आहे. तथापि येथे टीकाकाराने बाबांच्याच मागे जाऊन सभासदांना भित्रे ठरवून मोकळे होऊ नये. जाहीर होणे म्हणजे त्या काळी काय होते, ह्याचा विचार करावा. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतर केलेल्या किंवा जातिबहिष्कृत झालेल्या माणसाचा वारसाहक्क सुरक्षित केला होता, हे खरे. पण कायदा वाटणी देऊ शकतो, पंगत देऊ शकत नाही. न्हावी, धोबी, पाणवठा, बहिणीचे लग्न, आईचे मरण, हे सारे जातीच्या हाती होते. सभेतील पुष्कळ जण पुढे आपापल्या परीने सुधारणेच्या कामात राहिले, आणि १८६७ मध्ये निघालेला प्रार्थनासमाज हे एका अर्थी त्याच सभेचे उघड्यावर आलेले रूप होते. म्हणजे गुप्ततेतही बी रुजते, नाही असे नाही.

मग बाबांचे म्हणणे कितपत खरे? माझ्या मते ते नीतीच्या दृष्टीने वादग्रस्त आणि वाङ्मयाच्या दृष्टीने निर्विवाद आहे. परमहंस सभेने उत्तम प्रार्थना लिहिल्या, विचारग्रंथ लिहिले. परंतु त्या सभासदांपैकी कोणी आपल्या अंतर्यामीच्या कथेचा ग्रंथ लिहिलेला नाही. लिहिणार कसा? गुप्त श्रद्धेला घटना नसतात. तिला फक्त मते असतात. श्रद्धा जेव्हा पाण्याच्या हंड्यापाशी, जेवणाच्या पानापाशी, आईच्या तोंडासमोर येऊन उभी राहते, तेव्हाच काही घडते, आणि घडते तेव्हाच सांगण्याजोगे काही होते. सभेचा आतला वृत्तांत आपणांस बराचसा कळतो तो सभेबाहेर पडलेल्या एका ख्रिस्ती माणसाच्या आत्मचरित्रातून, ह्यातच सर्व आले.

'यमुनापर्यटन'ही ह्याच दृष्टीने पुन्हा वाचावे. त्याचे उपशीर्षक हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीविषयी आहे, आणि कुसुमावती देशपांडे ह्यांच्यापासून पुढच्या अभ्यासकांनी त्याचा विचार मुख्यतः विधवांचा प्रश्न मांडणारी कादंबरी म्हणूनच केला. तो योग्यच आहे. परंतु यमुना आणि तिचा पती विनायक हे मनाने ख्रिस्ती मताकडे झुकलेले जोडपे आहे, आणि प्रवासात दोघे जे दुःख पाहतात ते ह्या मनाने पाहतात. विनायकाच्या अकाली मरणानंतर, जे दुसऱ्यांच्या घरी पाहिले ते आपल्याच डोक्यावर आल्यानंतर, यमुनेला मनातील गोष्ट उघड करावी लागते. पर्यटनाचा खरा प्रवास हा आतून बाहेर आहे. कथेची जुळणी ढिली, पात्रे उपदेशासाठी उभी केलेली, हे आक्षेप कायम ठेवूनही असे म्हणता येईल की, विधवेच्या प्रश्नाला आणि श्रद्धा प्रकट करण्याच्या प्रश्नाला बाबांनी एकाच गाठीत बांधले. केशवपनाची सक्ती झालेल्या स्त्रीला 'मनात काय मानायचे ते मान' हा उपदेश किती पोकळ आहे, हे त्यांना दिसले होते.

बाबांच्या नंतरच्या पिढीत हा प्रश्न मिशनच्या आवारातून निघून पुण्याच्या सुशिक्षित समाजाच्या मध्यभागी आला. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली आणि निमंत्रितांपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला तसाच ठेवला. गोपाळराव जोशांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आणली, ग्रामण्य झाले, आणि रानडे व लोकमान्य टिळक ह्यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतल्यावर त्यांच्या चाहत्यांना किती वाईट वाटले, हे प्रसिद्ध आहे. ह्या प्रकरणाची आता मौज वाटते. परंतु एका पेल्यात काय होते हे त्या पिढीला चांगले ठाऊक होते. मनातले मत कोणी विचारले नव्हते. विचारले होते ते एवढेच, की प्यालात की नाही?

ह्यापेक्षा गंभीर प्रसंग तीन वर्षांनी शारदासदनात घडला. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला होता, आणि १८८९ मध्ये मुंबईत काढलेले शारदासदन दुसऱ्या वर्षी पुण्यास आणले होते. सदनात धर्माचा उपदेश व्हावयाचा नाही, असे ठरलेले होते. रमाबाई आपल्या खोलीत मुलगी मनोरमा हिच्यासह प्रार्थना करीत, आणि त्या खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी संबंध सोडला आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. त्या उघड्या दारावर त्या काळी जेवढे लिहिले गेले, तेवढे क्वचितच कोणत्या दारावर लिहिले गेले असेल. सल्लागारांची बाजू सर्वथा हलकी नव्हती. दिलेल्या शब्दावर विसंबून ज्यांनी आपल्या बालविधवा लेकी परधर्मीय बाईच्या स्वाधीन केल्या, त्यांना फसवणूक झाली असे वाटणे स्वाभाविक होते. प्रौढ बाईची प्रार्थना आणि बारा वर्षांच्या मुलीचे त्या प्रार्थनेकडे ओढले जाणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शाळा चालविणाऱ्या माणसाला हा भेद विसरून चालत नाही. पण ज्या बाईने मैलोगणती पायी हिंडून पुराणे सांगितली, ब्राह्मण असून ब्राह्मणेतराशी उघड विवाह केला, तिला प्रार्थनेपुरते दार लावून घ्या असे सांगणे म्हणजे तिचा स्वभाव न ओळखणे होते. रमाबाईंनी आयुष्यात कोणतीच गोष्ट दार लावून केली नाही. पुढे चर्चमधील वरिष्ठांनी आपल्या मताच्या चौकटीत तिला बसविण्याचा यत्न केला, तेव्हाही तिने हाच उघडेपणा दाखविला, हे तिच्या पत्रव्यवहारावरून दिसते. तेव्हा हा उघडेपणा केवळ हिंदू समाजाविरुद्धचा नव्हता.

येथे कोणी विचारील की, ख्रिस्ताने स्वतःच प्रार्थना खोलीत जाऊन, दार लावून करावी असे शिकविले आहे, त्याचे काय? डोंगरावरील प्रवचनात तसे आहे खरे, आणि त्याच प्रवचनात थोडे आधी दिवा मापाखाली ठेवू नये असेही आहे. ह्या दोहोंत विसंगती पाहण्याचे कारण नाही. दार लावावयाचे ते मिरवण्याला. दिवा उघडा ठेवावयाचा तो कृतीचा. रमाबाईंच्या दाराचा वाद ह्या दोहोंच्या सीमेवरचा आहे, आणि म्हणूनच आजही त्यावर दोन शहाण्या माणसांचे एकमत होणे कठीण.

आता 'स्मृतिचित्रे'. १८९५ च्या १० फेब्रुवारीस टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. पुढची काही वर्षे दोघांची ताटातूट झाली, मग त्या मुलाला घेऊन नगरास आल्या; परंतु एका गावात राहूनही चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे वेगळे. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या ह्या ग्रंथाचा हा मधला टप्पा मी जितक्या वेळा वाचला तितक्या वेळा मला असे वाटले की, मराठीत धर्मांतरावर ह्याहून खरे काही लिहिले गेलेले नाही. कारण लिहिणारी बाई धर्मांतर करणारी नाही. ज्याच्या धर्मांतराने तिचे आयुष्य उलटे झाले त्याच्याकडे ती पाहत आहे. त्याची श्रद्धा तिला ग्रंथांतून दिसत नाही, वादांतून दिसत नाही. रागीट, भोळा, उधळा, कोणालाही घरात आणून बसविणारा हा नवरा आता कसा वागतो, एवढेच ती पाहते. श्रद्धेची ह्यापेक्षा कठीण परीक्षा कोणती? तत्त्वज्ञाची परीक्षा विद्वान घेतात. त्यांना फसविता येते. बायकोला फसविता येत नाही.

ग्रंथाच्या आरंभी लक्ष्मीबाईंनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे जे वर्णन केले आहे, त्याला वाचक खळखळून हसतात. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेणारे, विटाळाच्या भीतीने घरातील माणसांचे जिणे नकोसे करणारे नाना गोखले हे मराठीतील एक अविस्मरणीय व्यक्तिचित्र आहे. वर्गात तो भाग वाचून दाखविला की मुले आजही हसतात. परंतु तो विनोद ग्रंथाच्या पायात घातलेला दगड आहे, हे आपण मुलांना सांगत नाही. ज्या मुलीचे बालपण त्या धुण्यात गेले तीच पुढे नवऱ्याच्या हातचे पाणी पिणार नाही म्हणून अडून बसते, आणि तीच एके दिवशी, कोणाच्याही उपदेशावाचून, देवाने माणसे केली आणि जाती माणसांनी केल्या असे मनाशी ठरवून मोकळी होते. बाप्तिस्मा नंतर येतो. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. बाबा पदमनजींच्या बाबतीत आधी मत पटले, आणि मग ते आचरणात आणण्यासाठी झगडावे लागले. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आधी हात सुटला, हंडा सुटला, सोवळे सुटले. मत मागाहून चालत आले. पुरुषांनी लिहिलेल्या धर्मांतराच्या कथांत हा दुसरा क्रम जवळजवळ सापडतच नाही. त्यांना स्वयंपाकघर ठाऊक नव्हते, हे त्याचे साधे कारण असावे.

'स्मृतिचित्रां'तून धर्म वगळला तर काय उरते? एक तऱ्हेवाईक नवरा आणि एक चतुर बायको उरते. ते वाचनीय राहते ह्यात संशय नाही, आणि शालेय उताऱ्यांत बहुधा तेवढेच येते. पण मग लक्ष्मीबाईंचा विनोद कशासाठी आहे, हे कळेनासे होते. हा विनोद दुःखाला दिलेले उत्तर आहे. नवऱ्याने धर्म सोडला ह्या कारणासाठी गावात ज्या बाईकडे बोट दाखविले जात होते, तिने ती बोटे आठवून ग्रंथ लिहिला आणि त्यात कोणाविषयीही विष ठेवले नाही. ह्याला निरागसपणा म्हणणे हा तिच्या बुद्धीचा अपमान आहे.

टिळकांच्या कवितेविषयी लिहिताना मला अधिक संकोच वाटतो, कारण 'केवढे हे क्रौर्य' आणि 'वनवासी फूल' ह्यांच्यावर लहानपणापासून माझे प्रेम आहे आणि ती कविता धर्मनिरपेक्ष आहे म्हणून कमी प्रतीची ठरते असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. मला म्हणावयाचे आहे ते हे की, 'अभंगांजली' आपण मराठी कवितेच्या अभ्यासातून जवळजवळ बाहेर ठेवली आहे. ख्रिस्त हा गुरू, ख्रिस्त ही माउली, हे नाते मराठी मनाला वारकरी परंपरेने शिकविलेले. त्याच नात्याने ख्रिस्ताला हाक मारणारा हा कवी ख्रिस्ती समाजाला परका वाटला नाही आणि अख्रिस्ती समाजाला वाटू नये, अशी त्याची धडपड होती. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे तो म्हणे. भजन, कीर्तन, टाळ आणि एकतारी त्याने प्रार्थनामंदिरात नेली. त्यापूर्वी मराठी ख्रिस्ती मंडळी बव्हंशी इंग्रजी चालींवर बसविलेली गीते गात. 'उपासना संगीता'तील टिळकांच्या गीतांनी त्यांच्या तोंडी मराठी चाल दिली. हाही प्रकट होण्याचाच एक प्रकार आहे. बाबांच्या काळी प्रकट होणे म्हणजे घर सोडून बाहेर येणे होते. टिळकांनी दाखविले की, ते आपली भाषा, आपला पोशाख, आपले छंद बरोबर घेऊन येणेही असू शकते.

त्यांचे शेवटचे पाऊल तर ह्या साऱ्या विषयालाच वळण देणारे आहे. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखीच जागा होती. अट होती ती ख्रिस्ताचे शिष्यत्व उघडपणे आचरण्याची. ज्याने स्वतः बाप्तिस्म्यासाठी संसार पणाला लावला, त्याने बावीस वर्षांनी असे म्हणावे, ह्याने काही मिशनरी अस्वस्थ झाले. परंतु ह्यात माघार नाही. चर्चच्या पटावर नाव असणे आणि जगण्यात श्रद्धा असणे ह्या दोन गोष्टींतील भेद टिळकांनी ओळखला होता. मिशनच्या बंगल्यात, मिशनच्या पगारावर, मिशनच्या आवारात ख्रिस्ती असणे हेही एका अर्थी दार लावून ख्रिस्ती असणेच होते. १९१९ च्या मेमध्ये ते गेले, दरबार फार दिवस टिकला नाही. पण परमहंस सभा आणि देवाचा दरबार शेजारी ठेवून पाहिले म्हणजे मधल्या सत्तर वर्षांत केवढे अंतर तोडले गेले ते कळते. पहिलीत आत एकत्र बसून बाहेर वेगळे राहावयाचे होते. दुसऱ्यात नाव-गाव-जात-पंथ वेगळे ठेवूनही बाहेर एकत्र राहावयाचे होते.

प्रकट श्रद्धेचे वाङ्मय प्रचारकी होते, हा आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे, कारण आपल्या मासिकांतून तो वारंवार येतो. तो पुष्कळ वेळा खराही आहे. बाबांची शंभराहून अधिक लहानमोठी पुस्तके झाली. त्यांतील बहुतेक आज कोणी वाचणार नाही, आणि वाचावीत असा माझा आग्रह नाही. परंतु प्रचार आणि प्रकटन ह्यांत भेद आहे. प्रचारकाला स्वतःचे काही गमवावे लागत नाही. तो दुसऱ्याने काय सोडावे हे सांगतो. प्रकटन करणारा स्वतः काय सोडले हे सांगतो. 'अरुणोदय' ह्या दोहोंमध्ये हेलकावे खाते, 'स्मृतिचित्रे' पहिल्या पानापासून अखेरपर्यंत दुसऱ्या बाजूस राहते. ही कसोटी ख्रिस्ती वाङ्मयापुरती ठेवण्याचेही कारण नाही. आपली दलित आत्मकथने, आपले सत्याग्रहींचे तुरुंगातील लेखन, ह्यांना ती लावून पाहावी.

आमच्या भागात ही गोष्ट समजण्यास अवघड जाऊ नये. १९४६ मध्ये माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावला साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी त्याच मांडवातून झाली. १९५६ मध्ये हा प्रदेश म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून आम्ही एक सल्ला ऐकत आलो आहो. घरी हवी ती भाषा बोला, तुम्हांला कोण अडवितो? पाटीवर, कचेरीत, सातबाऱ्यावर तिचा आग्रह कशाला? ज्याने हा सल्ला ऐकला आहे त्याला कळते की, घरापुरती ठेवलेली भाषा दोन पिढ्यांत घरातूनही जाते. आमच्याकडे तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बाईलाही हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. मग जे आपण भाषेबद्दल इतके स्पष्ट ओळखतो, ते शेजारच्या गल्लीतल्या ख्रिस्ती मराठी कुटुंबाच्या श्रद्धेबद्दल आपल्या ध्यानात का येऊ नये? आणि उलटही. मराठी शाळा सोडून इंग्रजी शाळेच्या आवारात मुले पाठविणाऱ्या ख्रिस्ती पालकांनीही बाबा पदमनजी कोणत्या भाषेत ख्रिस्ती झाले हे आठवून पाहण्यास हरकत नाही.

काही दिवसांपूर्वी नववीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, टिळक ख्रिस्ती होते, तर त्यांची ख्रिस्तावरची कविता आपल्याला का नाही?" तिच्या प्रश्नात तक्रार नव्हती, नुसते कुतूहल होते. मी तिला ग्रंथालयातून 'अभंगांजली' काढून दिली. अशी उत्तरे एकेकट्या मुलाला देता येतात. वर्गाला द्यावयाची तर पाठ्यक्रम ठरविणाऱ्यांनी मनावर घ्यावे लागेल. श्रद्धेची कविता शिकविणे म्हणजे श्रद्धा शिकविणे नव्हे. ज्ञानेश्वरी शिकविताना आपण हे सहज मान्य करतो, आणि लीळाचरित्र शिकविताना तर एका पंथाचा आचारधर्मच शिकवितो.

'ख्रिस्तायना'चा उल्लेख येथे करून हा लेख पुरा करतो. टिळकांनी ते महाकाव्य सुरू केले, थोडेच अध्याय लिहून झाले, आणि ते गेले. लग्नाच्या वेळी ज्यांना धड अक्षरओळख नव्हती त्या लक्ष्मीबाईंनी उरलेला फार मोठा भाग लिहिला. ग्रंथ १९३८ मध्ये, त्यांच्याही मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. काव्य म्हणून त्यात सपाट जागा पुष्कळ आहेत, आणि ओवीचा ओघ काही ठिकाणी नुसत्या कथनात विरतो. तरी जिने एकेकाळी नवऱ्याच्या देवासाठी वेगळी चूल मांडली, तिने त्याच देवाचे चरित्र ओवीबद्ध करावे, आणि त्याची अर्धी राहिलेली ओळ जेथे तुटली तेथूनच पुढे न्यावी, ही घटना मराठी काव्याच्या इतिहासात दुसरी नाही. अकादमीने 'अरुणोदया'ची बेळगावच्या स्थलटिपांसह नवी आवृत्ती काढण्याचे मनावर घेतले, तर त्याच मालेत 'ख्रिस्तायना'चा निवडक भागही यावा. त्यातील टिळकांचे अध्याय कोठे संपतात आणि लक्ष्मीबाईंचे कोठे सुरू होतात, हे आवृत्तीत ठळकपणे दाखवावे; ते शोधीत वाचण्यातही एक गोडी आहे.